क्रमांक वस्तीचा, पाणी आपले

आबा,

आपल्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी काल मी सरकारी नोंदींतून काढून टाकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, की तुमच्याशी भांडायला आता कोणी उरलेले नाही. आई तुमच्या मागोमाग गेली, आणि धाकट्याला तुमची आठवण येते ती फोटोला हार घालण्यापुरती. माझे भांडण मात्र राहून गेले आहे, आणि ते मी तुम्हीच शिकवलेल्या रीतीने मांडणार आहे. आधी शब्दांचे अर्थ ठरवायचे, मग विधान करायचे, मग पुरावा द्यायचा, आणि समोरच्याची बाजू त्याच्याहून नेटकी मांडून मगच ती खोडायची. शाळेच्या वादविवाद स्पर्धेसाठी तुम्ही मला ओसरीवर उभे करून हे घोकून घेतले होते. आवाज चढवलास की तू हरलीस, असे तुम्ही म्हणायचात. म्हणून आवाज चढवत नाही. राग आहे, एवढे मात्र सुरुवातीलाच नोंदवते. नाहीतर पुढचे सारे शांत सुरात वाचून तुम्ही समजाल की पोरीने मिटवून घेतले.

निवृत्तीनंतर मला बोलावणे आले ते एका साध्या दिसणाऱ्या कामासाठी. आपल्या जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी दोन सरकारी खाती वर्षानुवर्षे मोजत आली. दोघांची मोजणारी माणसे वेगळी, दप्तरे वेगळी, आणि आता दोघांचे संगणकातले साठेही वेगळे. केज तालुक्यातल्या काही गावांत दोन्ही खात्यांनी मोजणीसाठी एकच विहीर धरलेली होती, तरीही त्या एका विहिरीचे, एकाच उन्हाळ्याचे दोन आकडे जुळत नव्हते. कोणता खरा, हे संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी मोजणाऱ्याने विहिरीच्या काठावर उभे राहून ज्या वहीत लिहिले, त्या मूळ वहीपर्यंत मागे जावे लागते. आयुष्यभर भूजलाचेच काम केले असल्यामुळे समितीने ते माझ्याकडे दिले, आणि मीही ते हौसेने घेतले.

बहुतेक तफावती निरुपद्रवी निघाल्या. एकाने विहिरीच्या कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहिली होती, दुसऱ्याने कठड्यावरून सोडलेल्या फितीचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता. कुठे फुटांचे मीटर करायचे राहून गेले होते. कुठे गावाने कठडा नवा आणि उंच बांधला, तर पाणीच हातभर खाली गेल्याचे कागदावर दिसत होते. चीड आणणारी चूक एक होती. विहीर आटलेली असली की मोजणारा वहीत ‘कोरडी’ असे लिहितो. संगणकाच्या त्या रकान्यात अक्षर बसत नाही, आकडाच लागतो. म्हणून कोणीतरी ‘कोरडी’च्या जागी शून्य भरले. त्या रकान्यात शून्याचा अर्थ असा, की पाणी जमिनीपासून शून्य अंतरावर आहे. म्हणजे ज्या उन्हाळ्यात माणसे आपली गुरे छावणीत नेऊन बांधत होती, त्या उन्हाळ्यात आमच्या साठ्यातल्या विहिरी काठोकाठ भरून वाहत होत्या. हे मी समितीला सांगितले तेव्हा एक तरुण अधिकारी हसला. मी विचारले, “यात विनोद कोणता?” समोरच्याला एका प्रश्नात खाली बसवण्याची ही सवय कुणाची, ते तुम्हाला सांगायला नको.

मग आपले गाव आले. एका खात्याच्या साठ्यात, माझ्या लहानपणच्या त्या दुष्काळापासून पुढे, खालच्या वस्तीच्या विहिरीसमोर दर उन्हाळ्यात तेच शून्य, म्हणजे ‘कोरडी’. दुसऱ्या खात्याच्या साठ्यात, त्याच विहिरीच्या त्याच क्रमांकासमोर, भर मे महिन्यात दोन पुरुषांवर, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर, पाणी. आणि ते वर्षानुवर्षे जवळजवळ हलतच नाही. आलेख पाहणाऱ्याला वाटावे की दुष्काळाने त्या विहिरीचे भलेच केले. तो हसणारा अधिकारी आता सावधपणे म्हणाला, “मॅडम, इथं मूळ वही बघावी लागेल.” मी म्हणाले, “बघू या. पण तिच्यात काय लिहिले असणार हे मला माहीत आहे. मी तिथे होते.” ज्या विहिरीवरून वाद आहे ती माझ्या वडिलांची आहे, हे मी त्याच दिवशी समितीला लेखी कळवले आणि हे गाव दुसऱ्या कोणाकडे द्यावे असे सुचवले. उत्तर आले, की दुसरा अधिकारी अहवाल पडताळून पाहील. जागा ओळखणारे मात्र आपल्याशिवाय कोणी नाही, तेव्हा काम आपणच पुरे करावे. ओळखणारी मीच होते, हे खरे होते.

त्या दुष्काळातला मे महिना आहे. शाळेला सुट्टी आहे आणि मी वस्तीच्या विहिरीवर उभी आहे, कारण माझी मैत्रीण तिथे आहे. तिचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ती आली की माझे दिवस वस्तीत जातात. विहिरीत पाणी म्हणावे असे काही नाही. तळाच्या खडकात एक खळगा आहे, त्यात रात्रभर झिरपून घागरभर साचते. ते वाटीने भरून घ्यायला बायका एका हलक्या अंगाच्या पोरीला दोराने खाली सोडतात. ती पोर म्हणजे माझी मैत्रीण. ती नुकतीच वर आली आहे, गुडघे खरचटले आहेत, आणि तेवढ्यात जीप येऊन थांबते. पाणी मोजणारे साहेब उतरतात. आपल्या अख्ख्या गावाच्या भूजलाची खूण म्हणून सरकारने ही एक विहीर धरलेली आहे. वर्षातून चारदा ते येतात आणि हिच्यात फीत सोडतात. आजही सोडतात. फितीच्या टोकाचे वजन खडकावर टेकते, फीत सैल पडून वाकडी होते. साहेब खिशातून पेन काढतात, आणि मागून तुमचा आवाज येतो.

“सायेब, काय मोजालाव कोरड्या विहिरीत? गावाची अब्रू घेताव का काय? चला मळ्यात. आपल्या विहिरीला पाणी हाय, तितं सोडा फीत.”

“मालक, नोंद या विहिरीची आहे.”

“नोंद गावाचीच हाय न्हवं? मळा काय दुसऱ्या गावात हाय? चला, ऊन लई झालंय. दोन घास खाऊन जावा.”

वस्तीतल्या बाया बाजूला सरून उभ्या आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही. मैत्रिणीची आई पदराआडून एवढेच म्हणते, “मालक, आमच्या विहिरीचं काय लिवनार मग?” आणि तुम्ही हसून म्हणता, “तुमची न् आमची काय, गावाची विहीर!”

मळ्यात तुम्ही कठड्यावर वाकून स्वतः फीत सोडता. वजन पाण्यावर आपटल्याचा आवाज येतो, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते मी पुढे फक्त एकदाच पाहिले, धाकटा जन्मला तेव्हा. साहेब आकडा वाचतात. तुम्ही म्हणता, “ल्ह्या.” मग घर, आणि घरात आईचे स्वयंपाकघर. चुलीवर भाकरी टम्म फुगली आहे, पितळीत पिठले आहे, पाट्यावर मिरचीचा ठेचा आहे, आणि गावात गुरांना प्यायला पाणी नसताना आपल्याकडे लोटाभर ताकही आहे. साहेब ताटावर बसले आहेत. मी दाराला टेकून म्हणते, “पण आबा, वस्तीची विहीर कोरडी हाय. ह्यांनी मोजली ती आपली हाय.” आईचा भाकरी थापणारा हात थांबतो. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणता, “पाहुन्याच्या ताटापुढं कोरडं म्हनू ने. कुनी शिकवलं न्हाई का तुला?” मला आतल्या खोलीत पाठवले जाते. संध्याकाळी ओसरीवर तुम्ही त्यावर एक वाक्य जोडलेत: “वाद घालाय शिकवलं ते शाळेसाठी. घरासाठी न्हाई.”

एवढ्या वर्षांनी बीडच्या कार्यालयातल्या कपाटातून ती वही काढली, तर साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ लिहून ठेवले होते: मूळ विहीर कोरडी, मालकाच्या आग्रहावरून मळ्यातील विहिरीत मोजमाप घेतले. त्यांनी काहीही लपवले नव्हते. पण पुढे वह्यांतले आकडे संगणकात चढवताना जो तक्ता तयार झाला, त्यात शेऱ्याला जागाच ठेवलेली नव्हती. आकडा आत गेला, शेरा बाहेर राहिला. त्याच्या कितीतरी आधी, पुढच्याच वर्षी, नव्या मोजणाऱ्याला वरून जो कागद मिळाला त्यावर क्रमांक वस्तीच्या विहिरीचा होता आणि मालक म्हणून नाव तुमचे होते. तो सरळ मळ्यातच आला, आणि त्यालाही भाकरी मिळाली. साहेब आले त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या खात्याचा माणूसही येऊन गेला होता. त्यालाही तुम्ही थांबवलेत. त्याने सांगितले की अजून चार गावे बाकी आहेत, आणि ‘कोरडी’ लिहून तो निघून गेला. त्याला जेवायला वेळ नव्हता, म्हणून त्याची नोंद खरी राहिली. ज्या तफावतीवर माझ्याआधी दोन तज्ज्ञांनी पानेच्या पाने टिपणे लिहिली, खडकाचे थर आणि पावसाचे चढउतार यांच्यावर तिचा भार टाकला, ती तफावत एका जेवणाएवढी आहे.

आता तुमच्या वतीने पूर्वपक्ष मांडते. तुम्ही म्हणाल: मी लाच दिली नाही, आकडा बदलला नाही, जे पाणी होते ते मोजू दिले. पाहुणा उन्हातान्हात आला, त्याला रिकाम्या विहिरीवरून परत पाठवणे हा गावाचा अपमान होता. त्या एका आकड्यावर सरकार पुढे काय ठरवणार, हे मला कसे कळावे? या युक्तिवादाचे पहिले दोन भाग मी मान्य करते. तुमच्या आतिथ्यात खोट नव्हती आणि तुमच्या विहिरीतल्या पाण्यातही नव्हती. पण ते पाणी का होते? वर पाझर तलाव होता म्हणून. आधीच्या दुष्काळी कामांवर गावाने खडी फोडली, माती वाहिली, आणि तलाव कुठे बांधायचा हे ठरवायला तुम्ही बसलात, तेव्हा जागा निघाली ती नेमकी आपल्या मळ्याच्या डोक्यावर. तलावाच्या पायथ्याची विहीर तलावाचे पाणी दाखवते, गावाचे नाही. हे समजायला भूगर्भशास्त्र लागत नाही. ‘गाव’ या शब्दाची व्याख्या तुम्ही वादाच्या मध्येच बदललीत. वस्तीची विहीर झाकायची होती तेव्हा गाव म्हणजे अब्रू, आणि मळ्यातली दाखवायची होती तेव्हा गाव म्हणजे तुम्ही. ओसरीवर मी असे केले असते, तर तुम्ही मला तिथेच थांबवले असते.

तिसरा भाग, न कळण्याचा, मी मान्य करत नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला कळले नसेल. दुसऱ्या वर्षी कळले होते. टंचाईच्या गावांची यादी आली आणि तीत आपले गाव नव्हते, कारण यादी करणाऱ्यांनी गेल्या वर्षांशी तुलना करून पाहिले होते आणि आपली पातळी जागची हललेली नव्हती. शेजारच्या गावांना टँकर आला, आपल्याला आला नाही. वस्तीतली माणसे तुमच्याकडे आली. तुम्ही त्यांना आपल्या विहिरीवरून घागरी भरायची परवानगी दिलीत, आणि हे औदार्य लोक अजून सांगतात. मीही ते सांगत असे. परवानगी दिवेलागणीपर्यंत होती. रात्री लागणारे पाणी अजूनही त्या खळग्यातूनच भरले जात होते, आणि त्याच उन्हाळ्यात दोर निसटून माझी मैत्रीण खडकावर पडली. तिचा पाय नीट बसला नाही. ती लंगडत ऊस तोडायला जाऊ लागली, आणि मी अंबाजोगाईला शिकायला गेले.

त्यानंतरच्या वर्षी ऊस सहकारी संस्थेची वार्षिक सभा झाली. तुम्ही अध्यक्षस्थानी होता आणि मी पुढच्या रांगेत, तुमच्या बोलण्यातले युक्तिवाद मोजत बसले होते. कोणी तरी मागून विचारले, “आबा, इतक्या हिरी खंदायच्या, पन पानी लागंल का?” तुम्ही हात वर केलात. “आमी सांगत न्हाई बे, सरकार सांगतंय! सरकारनं फीत लावून मोजलंय. भर उन्हाळ्यात दोन पुरुषांवर पानी हाय.” टाळ्या झाल्या. त्या आकड्यावर सभासदांना विहिरींची कर्जे मंजूर झाली, ऊस टेकडीच्या पायथ्याला जाऊन भिडला, आणि सरकारच्या लेखी आपले शिवार ‘सुरक्षित’ या वर्गात जाऊन बसले. तेव्हा, आबा, तुम्हाला ठाऊक होते की ते पाणी कोणत्या विहिरीतले आहे. तुम्ही भाषण करताना माझ्याकडे पाहिलेत, आणि नजर काढून घेतलीत. मी पुढे कित्येक वर्षे असे धरून चालले होते की तुम्ही फक्त श्रोत्यांवरून नजर फिरवत होता. वही वाचल्यावर तसे धरून चालणे मला शक्य राहिले नाही.

मला नोकरीचा हुकूम मिळाला त्या दिवशी तुम्ही मला एक पोलादी फीत भेट दिलीत. चामड्याच्या गोल पाकिटातली, परळीच्या एका दुकानातून मुद्दाम मागवलेली. “आता तू मोजशील,” एवढेच म्हणालात. मला वाटले, वडिलांना अभिमान वाटतो आहे. वाटतही असेल. नोकरीभर मी तीच वापरली, दर वर्षी खात्याच्या फितीशी जुळवून पाहिली, आणि तिने मला कधी दगा दिला नाही. देणाऱ्याला ती आधी स्वतःला लावायची नव्हती, हे माझ्या लक्षात यायला मात्र फार वेळ लागला.

आता या सगळ्याने आज काय फरक पडतो, ते सांगते. वस्तीला तीन पिढ्यांनी स्वतःची पाण्याची सोय झाली आहे: ओढ्याकाठी एक सार्वजनिक विहीर, तीवर एक मोटर, आणि घरोघरी जाणारी नळाची एक बारीक ओळ. त्या विहिरीच्या वरच्या अंगाला नवे खोल बोर घ्यायचे अर्ज आलेले आहेत. शिवार ‘सुरक्षित’ राहिले तर ते अर्ज मंजूर होतील आणि वस्तीची ही नवी विहीर दोन उन्हाळ्यांत आटेल. मळ्यातली मोजमापे खोडली तर शिवार ‘अतिशोषित’ ठरेल आणि नवे बोर घेता येणार नाहीत. अर्जदारांत धाकटा आहे.

गेल्या आठवड्यात जागेची पडताळणी करायला मी गावात गेले. सोबत खात्याचा मोजणीदार होता आणि तुमची फीत होती. गाडी आधी वस्तीकडे वळवायला सांगितले. मैत्रीण जुन्या विहिरीपाशी येऊन उभी राहिली. केस सारे पिकले आहेत, चालताना एक खांदा खाली जातो.

“आलीस का गं सायेबीन? लई वर्सांनी वाट सापडली.”

“कामाला आले,” मी म्हणाले.

“कामालाच येनार. बापाच्या घरी पाहुनी म्हनून आलतीस, तवा हिकडं कवा वळलतीस?”

मोजणीदाराने फीत सोडली. ती खडकावर टेकली आणि वाकडी झाली. त्याने वर पाहून सांगितले, “कोरडी आहे, मॅडम.” तशी ती मोठ्याने हसली. “आरं बाबा, ते आमाला फीत न लावता ठावं हाय. तुमच्या कागदाला कळलं का पर?” मी म्हणाले, “आता कळेल.” तिचे हसू थांबले. “मग वरल्या अंगाला बोर घेनार न्हाईत?” मी सांगितले की समितीने माझा अहवाल मानला तर नाही. “तुजा भाऊबी हाय त्यात.” “माहीत आहे.” तिने विहिरीत डोकावून पाहिले, जिथे ती पडली होती तिथेच. “बघ बाई. ती वड्याकाठची गेली, तर आमी आता कुनाला दोरानं सोडावं? आमच्या नातींना?” मी काहीही वचन दिले नाही. वचन देणे मला नेहमीच सैल बोलणे वाटत आले आहे. पण तुमच्याइतके सफाईदार उत्तर त्या वेळी माझ्याकडे नव्हते, आणि त्याचे मला बरे वाटले.

तिथून मळ्यात. धाकटा कठड्यावर बसला होता. आता त्यालाही सगळे मालक म्हणतात. पाझर तलाव गाळाने भरून गेला आहे, त्यात लोक ज्वारी करतात. चारी बाजूंनी बोर आहेत, त्या वार्षिक सभेनंतर ज्यांनी विहिरी खणल्या त्यांच्या मुलांचे. मोजणीदाराने फीत सोडली. मी वाट पाहत होते त्या आवाजाची. आवाज आला तो दगडाचा.

“यंदा पयल्यांदाच आटली ताई, न्हाई टिकत आता,” धाकटा म्हणाला. मग लगबगीने उठला. “पर बोरला पानी हाय. तितं सोड की फीत. आबांची हीर म्हनून कोरडं कशाला लिवायचं? जिमीन तर तीच हाय. आन् जेवून जावा, पिठलं टाकलंय.” तो हे बोलला तेव्हा त्याला तुमचे ते वाक्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्या उन्हाळ्यात तो जन्मलाही नव्हता. मी त्याला सांगितले की गाडी थांबली आहे आणि आम्हाला अजून गावे करायची आहेत. तो हिरमुसला. “तुला बापाची बी कदर न्हाई,” असे म्हणाला. त्यावर मी वाद घातला नाही. तुम्ही सांगितलेच होते, ते शाळेसाठी होते.

काल मी अहवालावर सही केली. त्या उन्हाळ्यापासून पुढची मळ्यातली सगळी मोजमापे वस्तीच्या क्रमांकावरून वगळावीत आणि त्या जागी दुसऱ्या खात्याच्या ‘कोरडी’ या नोंदी ग्राह्य धराव्यात, असे लिहिले. कारण म्हणून साहेबांचा शेरा अक्षरशः उतरवला. ‘मालकाच्या आग्रहावरून’ हे शब्द तसेच ठेवले. तुमचे नाव घातले नाही, आणि ते घालण्याची आवश्यकताही नव्हती. पडताळणाऱ्या अधिकाऱ्याने एकही शब्द बदलला नाही. ‘कोरडी’साठी शून्य भरू नये आणि शेऱ्याला स्वतंत्र रकाना असावा, अशी शिफारस शेवटी जोडली आहे. धाकट्याचा अर्ज फेटाळला जाईल. तो मला दिवाळीला बोलावणार नाही. तुमच्यावरचा माझा राग सही करून कमी झालेला नाही. उलट तो आता पुराव्यानिशी आहे, आणि पुराव्यानिशी असलेला राग निवत नाही. अहवालाला सगळी जोडपत्रे लावली आहेत, वहीच्या पानांच्या प्रती, नकाशा, दोन्ही साठ्यांचे तक्ते. हे पत्र त्यांत नाही, आणि कुठे पाठवायचेही नाही.

एक गोष्ट मात्र अहवालात बसत नव्हती, ती इथे लिहून ठेवते. मळ्यात फीत दगडावर टेकली तेव्हा मोजणीदाराने वही उघडून मला विचारले, “मॅडम, काय लिहू?” मी लगेच बोलले नाही. त्याला वाटले मला ऐकू आले नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारले, तेव्हा मी म्हणाले, “कोरडी.” मधल्या वेळात मी धाकट्याच्या बोरकडे पाहिले होते.